कुंडलिकेला मे महिन्यात पाणी येतं कुठून?

लोकलमध्ये, एसटीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिथे कुठे ऐकताय तिथे स्वागत. आजचा विषय पाणी. थांबा, स्किप करू नका! "पाणी वाचवा" असलं भाषण मी देणार नाहीये.

मे महिन्यात ऑफिसच्या टीमबरोबर कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. आजूबाजूचे ओढे कोरडे ठणठणीत, आणि कुंडलिका मात्र जोरात वाहतेय. त्याच संध्याकाळी मुक्कामाला गेलो आत्याकडे, पेणच्या खारेपाटात. आत्या म्हणाली, "अर्ध्या बादलीत अंघोळ उरक रे बाबा, टँकर उद्या येईल की परवा, सांगता येत नाही."

अंतर फार तर तासा-दीड तासाचं. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गडबड दिसली की आधी लॉग उघडून बघतो. इथेही तेच केलं.

आधी रोहा. कुंडलिकेत उन्हाळ्यात दिसणारं पाणी मुख्यतः आपल्या डोंगरांचं नाहीच. ते येतं घाटावरून, मुळा नदीवरच्या मुळशी धरणातून. खरं तर हे पाणी पूर्वेकडे भीमेत, पुढे कृष्णेत जाणारं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला उतरवलं जातं. हे १९२७ पासून सुरू आहे. वीज तयार झाली की पाणी कुंडलिकेत, मग डोलवहाल बंधारा, तिथून कालव्यांनी शेतीला. धाटावची एमआयडीसीही याच नदीवर. ज्या मावळ्यांच्या जमिनी मुळशीत बुडाल्या त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली.

आता मागणी आहे की हे पाणी परत पूर्वेकडच्या दुष्काळी भागाला द्या. त्यांची मागणी चुकीची म्हणता येणार नाही. पण म्हणजे आपली नदी दुसऱ्याच्या सर्व्हरवर चाललीये. तिकडे निर्णय बदलला की इकडे मे महिन्यात नदी कोरडी.

पेणचं उलट आहे. तिथे धरण घरचंच, भोगेश्वरी नदीवरचं हेटवणे. त्यातून सिडकोला रोज १५ कोटी लिटर पाणी मिळतं, आणि ते २७ कोटींपर्यंत वाढवायची योजना आहे. जलजीवन मिशनचा हिशोब आहे माणशी रोज ५५ लिटर. १५ कोटी भागिले ५५ करून बघा. २७ लाख माणसं! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या रायगडची लोकसंख्या २६ लाखांच्या आसपास होती.

आता मी "मुंबईवाले पाणी पळवतात" म्हणणार नाही. खारघर, उलवे, द्रोणागिरी रायगडातच आहेत, तिथेही आपलीच माणसं राहतात. पण राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला नंबर आहे. मग धरणाच्याच तालुक्यातला खारेपाट रांगेत शेवटी का? आणि खाडीलगत विहीर खणली तर पाणी खारट लागतं, म्हणजे दुसरा पर्यायही नाही.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं. २०२० च्या 'कॅग' अहवालाने सांगितलं की ९,६०० कोटींहून जास्त खर्चूनही भूजल वाढायला फारसा उपयोग झाला नाही. २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला.

पण त्या योजनेतली एक गोष्ट मला खूप आवडते, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. गावात पाऊस किती पडतो, अडतो किती, माणसांना, जनावरांना, शेतीला लागतं किती, हे गावाने बसून मांडायचं.

आपल्याकडे पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. हजार चौरस फुटांच्या एका छपरावरच पावणेतीन लाख लिटर! पाच माणसांच्या घराला, रोज ५५ लिटरने, वर्षाला लागतं एक लाख. सगळं साठवता येणार नाही, कबूल. पण उतार तीव्र, खाली कातळ, वरची झाडं तोडलेली, त्यामुळे पाऊस काही तासांत खाडीत जातो. धरण म्हणजे फक्त टाकी. ती भरतो पाणलोट, म्हणजे वरचा डोंगर. टाकीसाठी कोट्यवधी, आणि डोंगराकडे बघायला कोणी नाही, ही खरी गोम आहे.

म्हणून दोनच कामं सांगतो. एक, पुढच्या ग्रामसभेला गावी जा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, नाहीतरी सुट्टीच असते. उभं राहून विचारा, "आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद कुठाय?" नसेल तर मोबाईलवर शीट उघडा आणि बनवायला बसा. दोन, पाऊस ओसरला की ओढ्यावर वनराई बंधारा घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, आणि पंधरा-वीस पोरं, एका रविवारचं काम. त्याने आत्याचा टँकर लगेच बंद होणार नाही, त्यासाठी हेटवण्याच्या पाण्यातला वाटा मागावाच लागेल. पण ज्याच्या हातात हिशोब असतो, त्याला उडवून लावणं अवघड जातं.

तुमच्या गावात उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!