अर्थतज्ज्ञांचे दप्तर आणि मराठवाड्याचा हिशेब

1983 साली महाराष्ट्र शासनाने अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी सत्यशोधन समिती नेमली. 1984 च्या अहवालात या समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये ठरवला. त्यातले सुमारे 751 कोटी मराठवाड्याच्या वाट्याचे होते. सिंचन, रस्ते, शिक्षण यांच्या निधीवरचे पुढचे वाद याच मोजणीचा आधार घेऊन झाले. ती मोजणी प्रत्येक जिल्ह्यातल्या सोयी राज्याच्या सरासरीशी ताडून झाली होती. जिल्हा हे एकक धरले की जिल्ह्यातले तालुक्या-तालुक्यांमधले अंतर सरासरीत झाकले जाते. मराठवाड्यातल्या चाकूरसारख्या तालुक्याने मग विचारायला हवे की हेच एकक का निवडले आणि दुसरे कोणते पर्याय समोर होते. छापील अहवाल निर्णय सांगतो. निर्णयाकडे नेणारी वाट मात्र कच्च्या हिशेबांत, पत्रव्यवहारात आणि सदस्यांच्या टिपणांत असते. म्हणून अर्थतज्ज्ञांचे दप्तर जपणे हे माझ्या मते मागास भागाच्या हक्काचे काम आहे. ज्या आकड्यावर आपला वाटा ठरतो, तो पुन्हा तपासता आलाच पाहिजे.

दप्तर जपल्याने काय हाती लागते, याचे मोठे उदाहरण आपल्याकडेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. तो त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडशः छापायला घेतली, आणि 1993 च्या बाराव्या खंडात तो वाचकांपुढे आला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा 37 वर्षे होत आली होती. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा 1923 चा ग्रंथ सर्वांना माहीत होता, पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्यांची सुरुवात कशी झाली हे या प्रबंधामुळे कळले. इंग्लंडमध्येही अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या घरी कपड्यांच्या टोपलीत राहून गेलेली टिपणे आणि पत्रे 1970 च्या दशकात सापडली. त्यांच्या लेखनसंग्रहाचे संबंधित खंड तोवर निघाले होते. तरीही संपादकांनी 1979 मध्ये वेगळा पुरवणी खंड काढला, कारण केन्स यांचा सिद्धांत घडताना कोणाशी कसा वाद झाला हे त्यात दिसत होते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने सॅम्युएल्सन, अ‍ॅरो अशा अनेक अर्थतज्ज्ञांची कागदपत्रे एका छताखाली आणली आहेत, त्यामुळे एकाचे पत्र आणि दुसऱ्याचे उत्तर एकाच ठिकाणी ताडून पाहता येते.

कोणी म्हणेल, अहवाल छापला, आता रद्दी कशाला सांभाळायची? पण अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचे नाव लागलेले 1969 चे सूत्र आठवा. राज्यांना केंद्राची मदत वाटताना 60 टक्के भार लोकसंख्येवर होता. उरलेले चार निकष प्रत्येकी 10 टक्क्यांचे होते. 60 का आणि 50 का नाही, याचे उत्तर सूत्रात सापडत नाही. ते चर्चेच्या कागदांत शोधावे लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाहणीच्या तक्त्यांत कोणाचे कर्ज, कोणाची गरिबी नावानिशी लिहिलेली असते. ती चव्हाट्यावर येता कामा नये. मात्र उपाय जाळण्याचा नाही. असे कागद ठरावीक वर्षे बंद ठेवावेत आणि नावे झाकून अभ्यासाला द्यावेत. खर्चाचा आक्षेपही खरा आहे. त्यासाठी सगळेच साठवू नये. जाणकारांनी निवड करावी आणि आधी सूची करावी, कारण सूचीशिवाय ठेवलेला कागद असून नसल्यासारखा.

म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने अशा दप्तरांसाठी स्वतंत्र दालन उघडावे. मराठवाड्याच्या शेतीचा, पाण्याचा, पतपुरवठ्याचा अभ्यास केलेल्या प्राध्यापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरी कपाटे भरून टिपणे असतील. त्यांच्या मुलांना माझी विनंती आहे: घर आवरताना ती रद्दीत देऊ नका. आधी कोणा जाणत्या ग्रंथपालाला दाखवा. आपल्या वाट्याचा हिशेब उद्या मांडायचा असेल, तर कालचा हिशेब कसा झाला याचे कागद आपल्याजवळ हवेत.