गेलेलं नव्हे, उपाशी

डिप्लोमाच्या मुलांची प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली, की माझ्याकडे तक्रार येते, 'सर, मॉड्यूल गेलं!' हे मॉड्यूल म्हणजे ईएसपी-०१. आठ पिनांची इवलीशी पट्टी आणि तिच्यावर शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप. २०१४ मध्ये ते बाजारात आलं आणि वायफाय हौशी मंडळींच्या खिशाला परवडू लागलं.

श्रोतेहो, माझा अनुभव असा, की 'गेलेली' बरीचशी मॉड्यूल उपाशी असतात. त्यांना ३.३ व्होल्ट लागतात, हे मुलांना पाठ असतं. करंटचं मात्र कुणी विचारत नाही. संदेश धाडताना ही चिप क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या घरात करंट ओढते. मुलं तिला जोडतात आर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला, जिची मर्यादा ५० मिलिअँपिअर! मग लाल दिवा लागतो, मीटर ३.३ दाखवतो, पण ऐन वेळी व्होल्टेज कोसळतं आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साधा मीटर सरासरी दाखवतो, ही क्षणाची पडझड त्याला दिसत नाही. गेल्या वर्षी एका मुलीनं तीन मॉड्यूल विकत घेतली होती. पहिली दोन डब्यात पडून होती. दोन्ही धडधाकट निघाली. खाऊच्या पैशातला खर्च होता तो.

तेव्हा निदान ५०० मिलिअँपिअर देणारा वेगळा रेग्युलेटर लावा आणि पिनांजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाच व्होल्ट देऊ नका, मग ते खरंच जाईल.

तरीही गप्प असेल, तर तारा पाहा. एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जायला हवा; बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी. दोघांची ग्राउंड जोडलेली हवी, नेमकी हीच तार राहून जाते. सीएच-पीडी पिनेला ३.३ व्होल्ट नसतील, तर चिप जागी होत नाही. सुरू होताना जीपीआयओ-शून्य ग्राउंडला असेल, तर ती नव्या प्रोग्रामची वाट पाहत बसते.

पडद्यावर अगम्य अक्षरं उमटली, तर मी खूश होतो. ते बोलतंय, फक्त वेग जुळत नाही! सुरुवातीचा मजकूर ७४,८८० बॉडनं येतो, पुढचा बहुधा १,१५,२०० नं, काही जुन्यांचा ९,६०० नं. वेग जुळवून 'एटी' पाठवा. ओळीअखेर कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही गेले, की 'ओके' येतं.