नक्कल, अस्सल आणि अमानत
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे एक लहानसाच प्रश्न ठेवणार आहे. संगणकावर एखाद्या यादीची नक्कल केली असता ती खरोखरच मूळ यादीहून वेगळी होते काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु गुणतक्ते आणि शिष्यवृत्तीच्या याद्या संगणकावर चढत असताना त्याचे उत्तर ठाऊक नसणे आपणांस परवडणारे नाही.

पीएचपी नावाची एक संगणकीय भाषा आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी ती १९९५ साली लोकांपुढे आणली. मराठी आणि उर्दू विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतात, ती याच भाषेत लिहिलेली आहे. या भाषेत क्रमवार यादीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. अ‍ॅरेची दुसऱ्या नावाने नक्कल केली की दोन स्वतंत्र याद्या होतात, असा साधा नियम आहे. जागा वाचावी म्हणून संगणक प्रथम दोन्ही नावांमागे एकच यादी ठेवतो आणि त्यांपैकी एकीत बदल करण्याची वेळ आली म्हणजेच खरी नक्कल उतरवितो.

मग अडचण कोठे? & हे चिन्ह वापरून यादीतील एखाद्या नोंदीला आणखी एक नाव जोडता येते. यास ‘रेफरन्स’ म्हणतात. ते दुसरे नाव जिवंत असेपर्यंत ती नोंद सामाईक राहते. आणि यादीची नक्कल करताना तो सामाईकपणाही नकलेत उतरतो.

आपल्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. दोन भावांची वाटणी झाली, मधे धुरा पडला, पण विहीर सामाईक राहिली. एकाने कपाशी लावली काय नि तूर पेरली काय, दुसऱ्याच्या वावरात फरक पडत नाही. परंतु एकाने विहीर उपसली की पाणी दोघांचेही खाली जाते.

आता शाळेचे उदाहरण घेऊ. समजा, तीन विद्यार्थ्यांचे गुण ६२, ७१ आणि ४८ आहेत. ‘फोरईच’ या आज्ञेने, & चिन्ह लावून, ‘गुण’ या नावाखाली एकेक नोंद घेतली आणि प्रत्येकास ५ वाढीव गुण दिले. यादी ६७, ७६, ५३ अशी झाली. काम संपले, पण ‘गुण’ हे नाव शेवटच्या नोंदीला चिकटूनच राहिले. मग शिक्षकांनी हिशेब करून पाहण्यासाठी यादीची नक्कल केली आणि नकलेत शेवटच्या विद्यार्थ्यास ६० गुण मांडले. मूळ यादीतही ५३ चे ६० झाले! पहिल्या दोन नोंदी मात्र जशाच्या तशा राहतात. म्हणूनच वरवर तपासणाऱ्यास ही चूक सापडत नाही. एखाद्या फलनास यादी सोपविली, तरी हाच प्रकार घडतो.

उपाय सोपा आहे. फेरी संपताच ‘अनसेट’ या आज्ञेने ते दुसरे नाव मोडावे; सामाईकपणा तेथेच सुटतो. ते शक्य नसल्यास साध्या ‘फोरईच’ने, & चिन्ह न लावता, एकेक किंमत नव्या यादीत भरावी. यादीच्या पोटात दुसरी यादी असेल, तर तिच्यासाठीही हेच करावे. यादीत ‘ऑब्जेक्ट’ असतील, तर ‘क्लोन’ ही आज्ञा वापरावी; कारण साध्या नकलेत ऑब्जेक्ट नवा होत नाही, दोन्ही याद्या त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवितात.

मित्रहो, येथे संगणक लबाडी करीत नाही. त्याने दिलेली आज्ञा तंतोतंत पाळली. आज्ञा देणाराच विसरला. वर्गातील शेवटच्या क्रमांकाचे मूल बहुधा मागे बसणारे, स्वतःहून तक्रार न करणारे असते. त्याचे गुण आपल्या हाती दिलेली अमानत आहेत. चिखली असो, मलकापूर असो वा लोणार, आपल्या जिल्ह्यातील ज्या मुलामुलींस ही विद्या शिकावयाची आहे, त्यांनी एवढी सवय लावून घ्यावी: नक्कल केल्यानंतर तीत एक बदल करावा, आणि मग अस्सल उघडून पाहावे. ते हलले नसेल, तरच पुढचे काम हाती घ्यावे.