प्रत्येक खपली लुतीची नसते



आज राखणीच्या कुत्र्याविषयी थोडे बोलू. कुत्र्याच्या अंगावर खपल्या दिसल्या की आपण म्हणतो, लूत लागली. आणि जळके तेल नाहीतर फवारणीचे औषध चोपडतो. कुत्रे ते चाटते आणि विषबाधा होते. शिवाय रोग लुतीचा नसेल, तर मूळ दुखणे तसेच राहते.

असाच एक रोग म्हणजे पेम्फिगस फोलिएशस. अंगातली जी शक्ती रोगजंतूंशी लढते, तीच यात उलटते आणि कातडीच्या पेशींची एकमेकींवरची पकड सोडवते. कुंपणानेच शेत खावे, तसे हे आहे. मात्र हा रोग माणसांना किंवा इतर जनावरांना लागत नाही.

ओळखायचा कसा?

१. नाकाचा दांडा, डोळ्यांभोवतीची जागा आणि कान यांवर बहुधा दोन्ही बाजूंना सारख्याच पुवाच्या पुटकुळ्या येतात. त्या लवकर फुटून पिवळट खपल्या धरतात.

२. पंजांच्या गाद्या जाड होऊन भेगाळतात. कुत्रे लंगडते.

३. खरजेच्या किड्याने होणाऱ्या लुतीत खाज फार असते. कानाच्या कडा आणि कोपरे आधी धरतात. घरच्या माणसांनाही खाज सुटू शकते.

पण नुसत्या नजरेने निदान करू नका. पशुवैद्यक कातडी खरवडून किडे आहेत का पाहतात, पू तपासतात, बुरशी नाही याची खात्री करतात आणि शेवटी कातडीचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात. म्हणून दवाखान्यात नेण्यापूर्वी कुत्र्याला धुऊ नका, खपल्या काढू नका. तपासणीचा पुरावा त्यांतच असतो.

उपचार

मुख्य औषध प्रेडनिसोलोन. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरच ठरवतील. गुण आल्यावर मात्रा हळूहळू, काही आठवडे-महिने घेऊन उतरवतात. या काळात तहान, भूक आणि लघवी वाढते. घाबरू नका, पाणी भरपूर ठेवा. जुलाब, उलटी किंवा काळी विष्ठा दिसली तर मात्र लगेच कळवा. खपल्या गेल्या म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. रोग उलटतो आणि जिवावरही बेतू शकते. काही कुत्र्यांना थोडे औषध जन्मभर लागते.

आणि एक लक्षात ठेवा. हेच औषध लुतीच्या कुत्र्याला दिले, तर लूत बळावते. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी आपल्या कुत्र्याला देऊ नका. आधी तपासणी, मग औषध.

रात्रभर जागून पिकाची राखण करणाऱ्या या सोबत्यासाठी दवाखान्याची एक खेप जरूर करा.