कॅमेरा आणि दमट हवा

भाद्रपदांत गणपतीसाठीं मुंबईकर कोंकणांतील आपल्या घरीं निघतो, तेव्हां त्याच्या सामानांत कधीं कधीं व्हिडिओ कॅमेराही असतो. वातानुकूलित मोटारींतून उतरतांच तो आरतीचें चित्र घेऊं लागतो आणि पाहतो तों सारें दृश्य धुक्यांत बुडालेलें! पावसाचा थेंबही लागलेला नसतां हें पाणी आलें कोठून?

याचें उत्तर आपल्या माजघरांतच आहे. थंडगार पाण्यानें भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो. तें पाणी आंतून झिरपलेलें नसतें. हवेंतील बाष्पच थंड धातूवर द्रवरूप होतें. ३० अंश सेल्सिअसच्या हवेंत सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० असली, तर सुमारें २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दंव धरतें. मोटारींत २२ अंशांपर्यंत निवालेला कॅमेरा म्हणजे असा तांब्याच होय. भिंग पुसून भागत नाहीं. तें थंड असेपर्यंत पुन्हां ओलें होतें. जुन्या कॅमेऱ्यांत फीत ओल्या नळकांड्यास चिकटून खराब होण्याचें भय असे. आजच्या कॅमेऱ्यांत फीत नसली, तरी विजेच्या जोडण्या गंजण्याचें भय आहेच.

उपाय अगदीं सोपा आहे. उतरण्यापूर्वीं कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तिचें तोंड घट्ट बांधावें. मग दंव धरेल तें पिशवीच्या बाहेरच्या अंगास. आंतील यंत्र बाहेरच्या हवेइतकें ऊबदार होईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, पिशवी उघडूं नये. दंव धरलेंच, तर कॅमेरा चालू न करितां त्याची बॅटरी काढावी व तो कोरड्या, वाहत्या हवेंत ठेवावा. विस्तवाजवळ मात्र नेऊं नये.

दुसरा शत्रू बुरशी. फार दमट व अंधाऱ्या जागीं महिनोन्महिने पडलेल्या भिंगावर तिचे तंतू पसरतात व कांचेवरील लेप खातात. म्हणून पावसाळ्यांत कॅमेरा चामड्याच्या पेटींत न ठेवितां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंगीत दाण्यांचा रंग पालटला, कीं ते तापवून कोरडे करावे. तांदूळ वापरूं नयेत. त्यांची भुकटी यंत्रांत शिरते.

कॅमेरा दुसरा विकत मिळेल. पण घरांतील वृद्धांनीं यंदा म्हटलेली आरती पुन्हां टिपतां येईलच, असें नाहीं. तासभर धीर धरणें, एवढीच तिची किंमत आहे.