आधी विचारा



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून मी आज काही सिद्धान्त मांडणार नाही. अपंग मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात मी सात दिवस स्वयंसेवक होतो. तेथे काय पाहिले आणि माझे कोठे चुकले, तेवढे सांगणार आहे. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द आहे. ती मुले मात्र एकमेकांना नावानेच हाक मारीत, आणि मला तीच रीत सर्वांत बरी वाटली.

गोष्ट 2024 च्या मे महिन्यातली. एका सहकाऱ्याची मुलगी त्या शिबिराची व्यवस्था पाहत होती. ती म्हणाली, "काका, खुर्च्यांची चाके दुरुस्त करायला दोन फिटर हवेत." एका शाळेचे वसतिगृह सुटीत रिकामे होते, तेथे शिबिर भरले होते. चाळीस मुले, आठ ते सोळा वयाची. कोणाच्या पायांत कॅलिपर, कोणी चाकाच्या खुर्चीत, काहींना सेरेब्रल पाल्सी, काही कर्णबधिर. मनात म्हटले, चला, आयुष्यभर भांडलो, आता सात दिवस पुण्य करू. मी पुण्य करायला गेलो होतो, ही माझी पहिली चूक.

पहिल्याच दिवशी दुपारी मैदानाच्या कडेला चौदा वर्षांचा एक मुलगा खुर्चीत बसला होता. त्याच्या अंगावर ऊन आले. मी मागून गेलो आणि खुर्ची ढकलून झाडाच्या सावलीत नेऊन ठेवली. शाबासकीची अपेक्षा होती म्हणाना! तो मुलगा संतापून म्हणाला, "काका, मी मॅचचा स्कोअर लिहीत होतो. इथून काही दिसत नाही. मला विचारलंत का?" मी म्हटले, "अरे, ऊन लागत होते." तो म्हणाला, "ही खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत. तुम्हाला कोणी मागून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं तर?"

श्रोतेहो, तीस वर्षे मी कारखान्याच्या फाटकावर सभा घेतल्या. 'आम्हाला न विचारता आमची पाळी बदलता कशी?' हे वाक्य मी मालकांना किती वेळा ऐकवले असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी ते वाक्य मला ऐकावे लागले, आणि मालकाच्या खुर्चीत मी होतो.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उतार करायचे काम आम्हा दोघा फिटरांकडे आले. पायरी सहा इंचांची. आम्ही तीन फुटांची फळी टाकली, खिळे मारले आणि बिड्या पेटवल्या. तोच मुलगा आला, दोनदा वर चढायला गेला, दोनदा मागे आला. म्हणाला, "सहा इंचाला सहा फूट लागतात, काका. एकास बारा." त्याचे म्हणणे बरोबर होते, उताराचे सर्वमान्य प्रमाण तेच आहे. सुतासुताचे माप घेणारे आम्ही कारागीर, पण ज्याला वर चढायचे त्यालाच विचारले नव्हते. फळी उपटली आणि सहा फुटांची, दोन्ही कडांना पट्टी मारून, पुन्हा बसवली. रात्री तो एकटा त्यावरून गेला आणि परत आला. मग मला सांगू लागला की, परक्या ठिकाणी गेले की संध्याकाळपासून तो पाणीच पीत नाही. कारण रात्री कोणाला तरी उठवावे लागते. मे महिन्यातला उन्हाळा, आणि मूल तहानलेले झोपते! बाहेरून पाहणाऱ्याला ते 'समजूतदार' वाटते.

एका मुलीला बोलता येत नसे. तिच्याजवळ अक्षरांचा एक तक्ता होता. थरथरत्या बोटाने ती एकेक अक्षर दाखवी. मी दोन अक्षरांतच शब्द ओळखून मोकळा होई, आणि ती मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. तिसऱ्या दिवशी मी गप्प बसायला शिकलो. मग तिचे पहिले पुरे वाक्य आले: 'तुम्ही फार बोलता.' आमच्या युनियनमधल्या लोकांनी हे ऐकले असते तर तिला हार घातला असता!

शेवटच्या रात्री मुलांनी भिंतीवर चादर लावून एक चित्रपट पाहिला. त्याचे नाव 'क्रिप कॅम्प'; 2020 साली निघालेला. इंग्रजी होता, तेव्हा शेजारची कॉलेजातली मुलगी मला सांगत होती. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्स्किल डोंगरांत, कॅम्प जेनेड नावाचे अपंग मुलांचे उन्हाळी शिबिर 1951 ते 1977 पर्यंत चालले. तेथे मुले चेंडू खेळली, गाणी गायली, प्रेमातही पडली, आणि मुख्य म्हणजे रात्री बसून बोलली. घरी प्रत्येकाला वाटत होते, दोष माझ्या शरीराचा. तेथे चार जण एकत्र बसल्यावर कळले की, दोष पायऱ्यांचाही आहे, शाळेच्या दाराचाही आहे. कामगाराला आपली गरिबी नशिबाची नव्हे हे जसे शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी बोलताना कळते, तसेच हे.

त्या शिबिरात जाणारी एक मुलगी ज्युडिथ ह्यूमन. लहानपणी पोलिओ झालेला. पाच वर्षांची असताना शाळेने तिला प्रवेश नाकारला. कारण काय, तर तिच्या खुर्चीमुळे आगीच्या वेळी धोका होईल! पुढे ती शिक्षिका व्हायला निघाली, तर परवाना नाकारला. 1970 साली ती न्यायालयात गेली आणि जिंकली. 1973 च्या कायद्यात 504 क्रमांकाचे कलम होते: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगांत भेदभाव करता येणार नाही. पण त्याचे नियमच सरकार काढीना. तेव्हा 5 एप्रिल 1977 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत सुमारे दीडशे माणसे शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हलली नाहीत. कचेरीचे टेलिफोन तोडले, तर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून हातवाऱ्यांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनी गरम जेवण पोहोचवले. त्यांचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले, तेव्हा खुर्च्यांसह सर्वांना नेण्यासाठी ट्रकची सोय मशिनिस्ट कामगारांच्या युनियनने केली. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली.

मशिनिस्टांचे नाव ऐकून माझी छाती फुगली, हे कबूल करतो. पण त्या रात्री झोप लागली नाही. आठवण झाली ती आमच्याच एका माणसाची.

2008 साली एका लहान कारखान्यात पॉवर प्रेसखाली आमच्या एका सभासदाच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. ई.एस.आय.त त्याचे नाव नव्हते. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला तेव्हा एक कोष्टक जोडलेले होते. अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली, एका हाताची चार बोटे गेली तर 50 टक्के. ते कोष्टक मला तोंडपाठ होते. दावा लढलो, पैसे मिळवून दिले, सभेत टाळ्या झाल्या. मालकाने त्याला फाटकावर वॉचमन केले. तो एकदा मला म्हणाला होता, "भाऊ, मला पुन्हा मशीनवर काम मिळेल का?" मी म्हणालो, "आता कशाला जिवाला त्रास? बसून पगार मिळतोय." विषय संपला. बोटांची किंमत मी वसूल केली. माणसाला मात्र विचारले नाही.

शिबिर आटोपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. विचारले, "तेव्हा तुला काय हवे होते?" तो म्हणाला, "भाऊ, डाय बसवायची कला माझ्या डोक्यात होती, बोटांत नव्हती. नव्या पोरांना मी शिकवलं असतं. सोळा वर्षं फाटक उघडलं आणि लावलं. आज विचारलंत." त्याने मला चहा पाजला. माफीचे शब्द मी घोकून गेलो होतो, ते बोललोच नाही. बोलून हलका मीच झालो असतो.

2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा सांगतो की, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कोणाला काढू नये किंवा त्याचा दर्जा उतरवू नये. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे द्यावे. पण हे कलम सरकारी आस्थापनांपुरते. खासगी कारखान्यात ते करारातच लिहून घ्यावे लागते. आमच्या पुढच्या मागणीपत्रात हे कलम आहे, आणि त्याचा मसुदा त्या वॉचमनने केला आहे. मालक मान्य करील की नाही, हे आज सांगता येत नाही. लढू.

आपल्यापैकी पुष्कळांना उन्हाळ्यात अशा शिबिरात जाता येईल, अवश्य जा. खुर्ची उतारावर थांबवली तर ब्रेक लावा, उचलायची झाली तर दोघांनी उचला, जेवण भरवताना घाई करू नका. ही सारी कामे दोन दिवसांत येतात. 'तुला काय हवे?' हे विचारून उत्तर येईपर्यंत थांबणे, हे काम अवघड आहे. मला ते पन्नाशीनंतर थोडेसे जमू लागले.

जाता जाता एक सांगतो. या सभागृहाला पाच पायऱ्या आहेत. येताना मी मोजल्या. एक पायरी सहा इंचांची धरली तर तीस फुटांचा उतार लागेल, मध्ये एक वळण घेऊन. फळ्या आणि मजुरी आमची युनियन देईल. चालकांनी फक्त जागा द्यावी. मात्र काम सुरू करण्याआधी त्या मुलाला एकदा येथे बोलावू. माप तो सांगेल.