शरफोजी : एका विरळ नावाची कुळकथा



मुलाचे नाव ठेवावयाचे झाले म्हणजे हल्ली आईबाप प्रथम नामकोश उघडतात; अर्थ बरा आहे की नाही, उच्चार कानाला गोड लागतो की नाही आणि शेजारच्या बिऱ्हाडात ते नाव आधीच गेलेले नाही ना, एवढे पाहतात, आणि बारशाच्या तयारीला लागतात. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे आणि ते मी फार वर्षे बाळगून आहे. नाव ही कुळावर झालेल्या उपकाराची नोंद आहे. ज्याचे आपण देणे लागतो त्याचे नाव मुलाला द्यावे, आणि कोणी अर्थ विचारला तर त्या माणसाची हकीकत सांगावी. या मताच्या पुष्टीसाठी जे नाव मी आज निवडले आहे ते या सभागृहातील एकाही मुलाचे नसेल, अशी माझी खात्री आहे. ते नाव म्हणजे शरफोजी.

मागच्या रांगेतील एक गृहस्थ ‘सराफ?’ असे विचारीत आहेत. नाही, सराफकट्ट्याशी या नावाचा काही संबंध नाही. (हशा.)

वेरूळचे भोसले, नगरची निजामशाही, फलटणचे निंबाळकर, मलिक अंबर हे सर्व आपणांस शाळेपासून अवगत आहे. त्यात मी वेळ घालवीत नाही. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे आणि आजी उमाबाई यांस बरीच वर्षे मूल नव्हते. नगर येथे शाह शरीफ या नावाच्या सत्पुरुषाचे स्थान होते; तेथे नवस बोलला गेला आणि त्यानंतर दोन पुत्र झाले. थोरल्याचे नाव ठेवले शहाजी आणि धाकट्याचे शरीफजी. एका साधूचे एक नाव दोन भावांत असे वाटून दिले की, दोघांना एकत्र हाक मारली म्हणजे त्या साधूचे पूर्ण नाव उच्चारले जावे! ज्या मालोजीराजांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि पाण्यावाचून यात्रेकरूंचे हाल होतात म्हणून शिखर शिंगणापुरास तळे बांधविले, त्याच शिवभक्ताने हे केले. आणि आपल्या भक्तीस यामुळे बाध येतो असे त्यांस वाटले नाही.

एक चिठ्ठी आली आहे. लिहिणाऱ्याने सही केलेली नाही, तरी मी ती वाचतो. ‘पिराच्या नवसाची ही कथा परक्यांनी रचलेली असून आपण ती सभेत सांगणे उचित नाही.’ मला याचे उत्तर शांतपणे द्यावयाचे आहे. ग्रँट डफने 1826 साली ही कथा छापली हे खरे. पण तो तिचा जनक नव्हे. शिवाजी महाराजांच्या आश्रयाने, त्यांच्याच पराक्रमाच्या वर्णनासाठी, कवींद्र परमानंदाने संस्कृतात जे ‘शिवभारत’ रचले, त्यात नगरच्या शाह शरीफ नामक सिद्धाचा आणि त्याच्यावरून ठेवलेल्या या दोन नावांचा उल्लेख आहे. महाराजांच्या दरबारातील पंडिताला जी गोष्ट देवभाषेत लिहिताना संकोच वाटला नाही, ती आज मराठीत बोलताना मला का वाटावा? (टाळ्या.) टाळ्या नकोत, चिठ्ठी पाठविणाऱ्या गृहस्थांचा अनादर व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्यांनी ते काव्य वाचावे एवढीच विनंती आहे. 1927 साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी ते संपादून पुण्यात प्रसिद्ध केले.

आता शरीफजींकडे वळू. 1624 साली नगरनजीक भातवडीस मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र येऊन ठाकल्या असता निजामशाहीच्या मलिक अंबराने तेथील तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडले, आणि चिखलात रुतलेल्या त्या प्रचंड सैन्याचा मोड केला. शहाजीराजांची कीर्ती खऱ्या अर्थाने येथून सुरू होते. त्याच लढाईत शरीफजी पडले. ज्या साधूचे नाव ते धारण करीत होते त्याच्या दर्ग्यापासून अवघ्या काही कोसांवर त्यांस मरण आले, ही गोष्ट मला नकाशा पाहताना जाणवली आणि त्या दिवसापासून या नावाने मला सोडलेले नाही.

येथून पुढे दोन भावांच्या नावांचे दैव निरनिराळे झाले. शहाजी हे नाव सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्यांवर आले आणि रयतेच्या घरोघर गेले. शरीफजी हे नाव मात्र या मुलुखात जवळजवळ लोपले. त्याचे एक कारण उघड आहे : धाकटा भाऊ अकाली गेला आणि राज्य थोरल्याच्या वंशात राहिले. पण दुसरे एक कारण आपल्या घरच्या वहिवाटीत आहे. वडीलधाऱ्याचे नाव नातवाला द्यावयाचे, आणि सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यावयाचे नाही म्हणून त्या नातवाला आबा, अप्पा, बाळासाहेब अशी हाक मारावयाची. मग पत्रिकेतले नाव पत्रिकेतच राहते. साताऱ्याची गादी ज्यांच्या निधनानंतर 1848 साली डलहौसीने खालसा केली, ते महाराज लोकांच्या तोंडी अप्पासाहेब होते. त्यांचे नाव शहाजी होते हे किती जणांस ठाऊक आहे? राजाचे नाव निदान दफ्तरात टिकते. सामान्य कुळातील नाव असे दोन पिढ्या हाकेवाचून राहिले म्हणजे ते मिटले.

खुद्द शिवाजी महाराजांनी याबाबत काय केले ते पाहा. वडील बंधू संभाजीराजे कनकगिरीस पडले; त्यानंतर 1657 साली पुरंदरावर पुत्र जन्मला, त्याचे नाव संभाजी. माझ्या मताला याहून मोठा आधार मी कोणता शोधावा?

आणि आता तंजावर. सांबाराची कथा मी सांगणार नाही, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. (हशा.) शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी कावेरीकाठी राज्य स्थापिले. त्यांना तीन पुत्र झाले, आणि ते तिघेही क्रमाने गादीवर बसले. थोरल्याचे नाव शहाजी, मधल्याचे शरफोजी, धाकट्याचे तुकोजी. पहिली दोन नावे आणि त्यांचा क्रम लक्षात घ्या. मालोजींच्या घरी जी जोडी झाली, तीच जोडी, त्याच क्रमाने, तिसऱ्या पिढीत, शेकडो कोस दक्षिणेस, जेथे नगरचा दर्गा कोणी पाहिलेला नव्हता अशा नगरीत पुन्हा मांडली गेली. हा योगायोग आहे असे मला कोणी सांगू नये. चुलत आजोबांचे नाव त्या घराने विसरू दिले नाही. ‘शरीफजी’चे तोंडातोंडी ‘शरफोजी’ आणि ‘सरफोजी’ झाले, एवढाच फरक.

पुढे त्या प्रांताच्या पंडितांनी या नावावर आपला संस्कार केला. अरबी ‘शरीफ’, म्हणजे कुलीन, हे त्यांच्या परिचयाचे नव्हते. पण शरभ परिचयाचा होता. शिवाने शरभाचे रूप घेऊन नरसिंहाला शांत केले, ही कथा त्या भागात देवळादेवळांतून कोरलेली आहे. कुंभकोणम्‌जवळ तिरुभुवनमच्या मंदिरात तर शरभाची स्वतंत्र पूजा चालते. त्यांनी शरफोजीचा शरभोजी केला, आणि स्तुतिकाव्यांतून राजा शरभेंद्र झाला. नगरच्या पिराकडून निघालेले नाव शिवाच्या एका रूपापाशी जाऊन पोचले, आणि वाटेत कोणी त्याला अडविले नाही.

पुढे याच गादीवर आलेल्या दुसऱ्या शरफोजीराजांविषयी मी दोनच वाक्ये बोलणार होतो. पण ती दोनात कशी मावावीत? 1777 चा जन्म. तुळजाजीराजांनी मरणापूर्वी दत्तक घेतलेला मुलगा. चुलत्याने गादी बळकावलेली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्या मुलाचा सांभाळ केला, त्यास विद्या दिली. 1798 साली गादी मिळाली आणि पुढल्याच वर्षी कंपनीने तहनामा करून राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला, तैनात आणि सवड. या सवडीचे त्यांनी काय केले! सरस्वतीमहालातील पोथ्यांचा संग्रह वाढविला. काशीयात्रेस गेले ते पोथ्या आणि घाटांची चित्रे घेऊन आले. देवनागरी छापखाना घातला आणि 1806 साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या, ज्या वेळी पुण्यात पेशवाई नांदत होती आणि तेथे एकही मराठी पुस्तक छापलेले नव्हते. धन्वंतरिमहालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्य एकत्र बसविले. डोळ्यांच्या रोग्यांची हकीकत लिहून ठेवली, रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे काढविली, आणि ते कागद आजही आहेत. अनुभवाने ठरलेले औषधोपचार तमिळ पद्यात लिहविले, त्या ग्रंथांवर नाव शरभेंद्राचेच. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली भोसलेकुळाचा मराठी इतिहास कोरविला. श्वार्ट्झ वारला तेव्हा फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले. त्यात मरणोन्मुख गुरूचा हात धरून उभा आहे तो हा राजा. स्वधर्म न सोडता परधर्मी गुरूचे ऋण असे चारचौघांत, दगडात मान्य करणारा पुरुष त्या शाह शरीफाच्या नावाचा असावा, याने मला अत्यंत समाधान होते.

आणि मघाच्या चिठ्ठीस हेही उत्तर आहे : ज्या ‘शिवभारता’त या नावाचे मूळ सांगितले आहे, त्याची पोथी संशोधकांच्या हाती आली ती तंजावरच्या सरस्वतीमहालातून.

अध्यक्षमहाराज घड्याळ दाखवीत आहेत. तंजावरच्या दफ्तरातील मोडी कागदांविषयी मला अर्धा तास तरी हवा होता, ते राहिले. पिराजी, हैबतराव, फिरंगोजी या नावांची टिपणे तशीच परत नेतो. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे आरफळकर हैबतबाबा होते, आणि ‘हैबत’ हा शब्द अरबी आहे, एवढे मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही.

ज्यांच्या घरी यंदा पाळणा हलणार असेल त्यांना माझी मनापासून विनंती आहे. शरफोजी हे नाव ठेवा. शाळेत मुले चिडवतील, हे मी जाणतो. कारकून दाखल्यावर दुसरेच काही लिहील, हेही जाणतो. तंजावरात या नावाचे महाविद्यालय आहे, तेथे ते कोणास चमत्कारिक वाटत नाही. एका मुलाला चिडवतात. गावात पाच झाले म्हणजे कोणी चिडवीत नाही.

शेवटची चिठ्ठी एका बाईंची आहे. त्या विचारतात, ‘नातवासाठी विचार करते आहे, सरफोजी लिहावे, शरफोजी की शरभोजी?’ बाई, तिन्ही रूपे ग्राह्य आहेत. शरभोजीत शिव आहे आणि सरफोजी कागदोपत्री रूढ आहे. पण आपण शहामृगाचा ‘श’ घालून, फणसाचा ‘फ’ घालून लिहा, शरफोजी. त्यात मालोजीराजांनी ठेवलेले नाव अधिक शिल्लक राहते. जन्मनोंदीच्या वेळी कोणाला तरी समक्ष पाठवा, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचून घ्या.